गृहसंस्थेची वांटणी

वांटणी हा शब्द महाराष्ट्रांतील कुटुंबांस नवा नाहीं. चार भाऊ एका वाड्यांत नांदतात, मुलें मोठीं होतात, सुना येतात, चुली वेगळ्या होतात आणि एके दिवशीं पंचांस बोलावून वाड्याचा नकाशा काढला जातो. त्या वेळीं खोल्या वांटणें अवघड नसतें. अवघड असतें तें आड, देवघर, जिना आणि दिंडी दरवाजा यांचें काय करावयाचें हें ठरविणें. शहरांतील सहकारी गृहसंस्थांत आज हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा राहूं लागला आहे. एका कुंपणांत तीन-चार इमारती, सर्वांची मिळून एकच संस्था, आणि कांहीं वर्षांनीं त्यांतील एका इमारतीच्या रहिवाशांच्या मनांत येतें कीं आपण स्वतंत्र व्हावें. आडाच्या जागीं पाण्याची टाकी येते, दिंडीच्या जागीं फाटक येतें, आणि पंचांच्या जागीं सहकार खात्याचा निबंधक येतो. वाड्यांतील भाऊ निदान एका रक्ताचे असतात. संस्थेंतील सभासदांस एकत्र ठेवणारें बंधन म्हणजे एक नोंदणी-क्रमांक आणि एक भूखंड, एवढेंच.

सहकारी घरबांधणीचा आपल्याकडील आरंभ मुंबईस गांवदेवी येथें १९१५ सालीं झाला. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें तेथें सारस्वत मंडळींची गृहसंस्था स्थापन झाली. १९०४ चा पहिला सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर कामांसाठींही संस्था काढण्याची वाट मोकळी झाली, आणि तिचा लाभ घेणाऱ्यांपैकीं ही एक. पुढें मुंबई इलाख्याचा १९२५ चा स्वतंत्र कायदा आला, आणि त्याच्या जागीं सध्यांचा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा आला. त्याचा अंमल २६ जानेवारी १९६२ पासून सुरू झाला. गृहसंस्थांसाठीं त्यांत एक निराळें प्रकरण २०१९ सालीं घालण्यांत आलें. त्या जुन्या मंडळींच्या डोक्यांत माणसें जोडण्याचा विचार होता, तोडण्याचा नव्हता. तथापि कायदा करणारांनीं जोडणें व तोडणें या दोहोंचीही तरतूद शेजारशेजारच्या कलमांत करून ठेविली आहे, आणि तें शहाणपणाचेंच झालें.

वेगळें होण्याची इच्छा कां होते, हें एका उदाहरणानें पाहणें बरें. समजा, एका उपनगरांत एका भूखंडावर तीन इमारती आहेत. पहिल्या दोन, म्हणजे अ आणि ब, चार मजली, बिनलिफ्टच्या, प्रत्येकींत सोळा बिऱ्हाडें. तिसरी क ही मागाहून बांधलेली, सात मजली, लिफ्टची, अठ्ठावीस बिऱ्हाडांची. एकूण सभासद साठ. बांधणाराने जमीन एक म्हणून संस्था एक नोंदविली. प्रथम कांहीं वर्षें गणेशोत्सव एकत्र होतो, कोजागिरीला गच्चीवर दूध आटतें, सर्व ठीक चालतें. मग कुरबुरी सुरू होतात, आणि त्या बहुधा लिफ्टपासून सुरू होतात.

गंमत अशी कीं लिफ्टवरून भांडण होण्याचें कारणच नाहीं. लिफ्टचा खर्च ज्या इमारतींत लिफ्ट असेल त्या इमारतीच्या सभासदांनींच सारख्या प्रमाणांत द्यावा, मग कोणी ती वापरो वा न वापरो, असें आदर्श उपविधींत स्वच्छ सांगितलें आहे. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर ठरतो. दुरुस्ती निधीसाठीं बांधकाम-खर्चाच्या, म्हणजे जमिनीची किंमत वगळून येणाऱ्या खर्चाच्या, दर सालीं किमान पाऊण टक्का, आणि सिंकिंग फंडासाठीं किमान पाव टक्का प्रत्येक सदनिकेमागें घ्यावयाचा असतो. हिशेब असा इमारतवार ठेविला तर अर्ध्याअधिक तक्रारी जागींच मिटतील. परंतु पुष्कळ संस्थांत विजेचें मीटर एक, वही एक आणि खजिनदार बिचारा एकटा. मग जिन्यावरचे दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट या सर्वांचें बिल एकाच रकमेंत येतें व साठ जणांवर सारखें पसरलें जातें. अ इमारतीच्या चौथ्या मजल्यावर रोज गुडघे धरून चढणाऱ्या आजीबाई शेजारच्या लिफ्टचें तेल आपण भरतों असें म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें खोटें नसतें. अशा ठिकाणीं संस्था फोडण्याआधीं वही फोडून पाहावी. वेगळ्या इमारतींचे वेगळे खातेपान करण्यास कोणत्याही निबंधकाची परवानगी लागत नाहीं.

दुसरें कारण याहून खोल आहे. इमारती एकाच वयाच्या नसतात. पंधरा ते तीस वर्षें झालेल्या इमारतीची दर पांच वर्षांनीं, आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनीं बांधकाम-तपासणी करून घ्यावी, असें उपविधि सांगतात. अशा तपासणींत अ इमारतीचे खांब खचत चालले आहेत असें निघालें, तर तेथील सोळा कुटुंबांस पुनर्विकासाशिवाय मार्ग नसतो. पुनर्विकासासंबंधीं सरकारनें २००९ सालीं काढलेला आणि ४ जुलै २०१९ रोजीं सुधारलेला आदेश असा आहे कीं एकूण सभासदांपैकीं एकावन्न टक्क्यांची संमति पाहिजे. साठांपैकीं एकतीस. अ इमारतीचे सोळाच्या सोळा हात वर झाले तरी ते सोळाच. क इमारतीची प्रकृति ठणठणीत आहे. तेथील लोकांस दोन-तीन वर्षें भाड्याच्या घरांत काढण्याची हौस कां असावी? दोघांचेंही बोलणें आपापल्या जागीं खरें, आणि एका संस्थेंत दोन खरीं मावत नाहींत, अशी ही अडचण आहे. येथें वांटणीची मागणी ही रुसवा नसून गरज असते.

कायद्यानें यासाठीं दोन वाटा ठेविल्या आहेत. एक घरगुती म्हणतां येईल अशी, कलम १७ ची. दुसरी सरकारी, कलम १८ ची.

कलम १७ प्रमाणें संस्थेनें स्वतःच निर्णय घ्यावयाचा. त्यासाठीं खास याच कामाकरितां विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, तींत हजर राहून मत देणाऱ्या सभासदांच्या दोन-तृतीयांश बहुमतानें ठराव व्हावा लागतो, आणि निबंधकाची संमति लागते. यांतील ‘हजर राहून मत देणाऱ्या’ हे शब्द अधोरेखित करण्यासारखे आहेत. दोन-तृतीयांश म्हणजे साठांपैकीं चाळीस, अशी पुष्कळांची समजूत असते. तसें नाहीं. आदर्श उपविधींप्रमाणें सभेची गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकीं जी कमी असेल ती होय. विशेष सभेची सूचना पूर्ण पांच दिवस आधीं दिली म्हणजे पुरते. तेव्हां सुट्टीच्या दिवसांत बोलावलेल्या सभेस चोवीस माणसें आलीं आणि सर्वांनीं मतें दिलीं, तर सोळा हातांनीं ठराव मंजूर होतो. साठ कुटुंबांच्या संस्थेचे तुकडे करण्यास सोळा हात पुरतात! ज्यांस वांटणी नको आहे त्यांनीं सभेस न जाऊन निषेध व्यक्त करूं नये. त्यांची रिकामी खुर्ची विरुद्ध मत म्हणून मोजली जात नाहीं.

मात्र ठराव झाला म्हणजे काम झालें असें नव्हे. विभागणीमुळें एका संस्थेचीं देणीं दुसरीकडे जात असतील, आणि तीं बहुधा जातातच, तर निबंधकानें आणखी तीन गोष्टींची खात्री करून घ्यावयाची असते. पहिली, सर्व सभासद, धनको आणि ज्यांच्या हितास बाध येण्याचा संभव आहे असे इतर लोक, या सर्वांस नोटीस गेली आहे कीं नाहीं. या नोटिशींत त्यांस एक महिन्याची मुदत असते. तेवढ्यांत नव्या संस्थांपैकीं कोणत्या संस्थेचें सभासद व्हावयाचें, कीं आपला भाग व येणें परत मागावयाचें, हें त्यांनीं कळवावयाचें. दुसरी, सर्वांनीं संमति दिली आहे कीं नाहीं. आणि तिसरी, ज्यांनीं पैसे परत मागितले त्यांचे पैसे पुरते चुकते झाले आहेत कीं नाहींत.

आतां दुसऱ्या अटीकडे नीट पाहिलें पाहिजे. सर्वांची संमति, हें वाचून मन निश्चिंत होतें. परंतु त्याच कलमांत पुढें असें आहे कीं मुदतींत ज्यानें कांहींच कळविलें नाहीं त्याची संमति आहे असें धरावें. मौन म्हणजे संमति, ही जुनी म्हण येथें कायद्याच्या भाषेंत उतरली आहे. ज्या वृद्ध दांपत्याचा मुलगा परदेशीं असतो आणि जें वर्षांतील सहा महिने त्याच्याकडे राहतें, त्यांच्या बंद दारांतून सरकविलेला कागद उंबऱ्याच्या आंत पडून राहतो. महिना उलटतो. परत आल्यावर त्यांस कळतें कीं आपण संमति दिलेली आहे. गृहसंस्थांत बंद घरांची संख्या वाढत असल्यामुळें ही गोष्ट किरकोळ समजूं नये. प्रामाणिक समितीनें अशा सभासदांच्या परदेशांतील पत्त्यावर व त्यांनीं नेमलेल्या नामनिर्देशिताकडे नोटीस पोंचवावी. कायद्याचें किमान पाळलें म्हणजे शेजारधर्म पाळला असें होत नाहीं.

कलम १७ ची दुसरी एक बाजू मोठी सोयीची आहे. एरवीं स्थावर मिळकत एकाकडून दुसऱ्याकडे जावयाची म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा आडवे येतात. येथें त्या दोन्ही कायद्यांस बाजूस सारून असें म्हटलें आहे कीं नव्या संस्थांची नोंदणी हेंच पुरेसें हस्तांतरण समजावें; जुन्या संस्थेची मालमत्ता व देणीं त्यायोगें आपोआप नव्या संस्थांकडे येतात. मुद्रांक शुल्काचा कायदा मात्र त्या कलमांत नांवानें आलेला नाहीं, एवढें ध्यानांत ठेवून तो प्रश्न आधींच जाणत्या वकिलास विचारून घ्यावा.

घरगुती वाट बंद असेल, म्हणजे सभेंत दोन-तृतीयांश मतें पडण्याचा संभव नसेल, तर कलम १८ ची वाट उरते. आपल्या उदाहरणांतील अ इमारतीस हीच वाट धरावी लागेल. येथें निर्णय संस्थेचा नसून निबंधकाचा असतो. विभागणी सार्वजनिक हिताकरितां, किंवा सभासदांच्या हिताकरितां, किंवा सहकारी चळवळीच्या हिताकरितां, अथवा संस्थेचा कारभार नीट चालावा म्हणून आवश्यक आहे, अशी त्याची खात्री पटली पाहिजे. ‘आवश्यक’ हा शब्द कायद्यांत उगाच घातलेला नाहीं. आमचें समितीशीं पटत नाहीं, आम्हांस वार्षिक सभेंत बोलूं देत नाहींत, एवढ्या कारणावर विभागणी मागणारा अर्ज टिकणें कठीण. त्या दुखण्यावर निवडणूक, लेखापरीक्षण आणि चौकशी हीं निराळीं औषधें आहेत. उलट, इमारत धोक्याची असल्याचा अभियंत्याचा अहवाल, निरनिराळे मंजूर नकाशे, निरनिराळी भोगवटा प्रमाणपत्रें, स्वतंत्र जाण्यायेण्याचा रस्ता व स्वतंत्र नळजोडणी असे पुरावे अर्जास जोडले, तर मागणीस वजन येतें.

निबंधकानें सरकारनें त्यासाठीं जाहीर केलेल्या संघीय संस्थेचा सल्ला घ्यावयाचा, आदेशाचा मसुदा तयार करावयाचा आणि त्याची प्रत संस्थेकडे पाठवावयाची. प्रत मिळाल्यापासून सूचना व हरकतींसाठीं निदान दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. हरकत संस्थाच घेऊं शकते असें नाहीं; एकटा सभासदही घेऊं शकतो, धनकोही घेऊं शकतो. त्या सर्व विचारांत घेऊन, मसुद्यांत जरूर ते फेरफार करून, मग अंतिम आदेश राजपत्रांत प्रसिद्ध होतो. कोणत्या नव्या संस्थेकडे कोणती मालमत्ता, कोणते हक्क, कोणतीं देणीं व कोणत्या जबाबदाऱ्या जातील, हें त्या आदेशांतच लिहिलेलें असतें. मुदतींत हरकत घेतलेल्या सभासदास आपला भाग किंवा हितसंबंध यांची रक्कम मागण्याचा हक्क आहे. पतपेढीच्या विभागणींत या हक्कास कांहीं अर्थ आहे. पटलें नाहीं, पैसे घेतले आणि निघाले. राहत्या घराच्या बाबतींत तो हक्क जवळजवळ कागदीच समजावा, कारण भागांच्या रकमेसाठीं घरावरचें छप्पर सोडून जाणारा माणूस विरळा. म्हणून मसुद्याची प्रत सूचना-फलकावर लागली कीं ती सर्वांनीं शब्दशः वाचावी, आणि जें खटकेल तें दोन महिन्यांच्या आंत लेखी कळवावें. आदेश निघाल्यावर अपिलाची सोय आहे, तिलाही दोन महिन्यांचीच मुदत आहे. परंतु मसुद्यांतील ओळ बदलून घेणें जितकें सोपें तितकें अंतिम आदेशांतील ओळ खोडणें सोपें नाहीं.

सर्वांत बिकट प्रश्न जमिनीचा. येथें एक भ्रम आधीं दूर केला पाहिजे. निबंधक संस्था विभागतो. भूखंड विभागणें त्याच्या हातांत नाहीं. भूखंडाचे पोटविभाग पाडावयाचे तर नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे बहुधा महानगरपालिकेची, मंजुरी लागते. मुंबईस २०३४ ची म्हणून ओळखली जाणारी विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि राज्याच्या बहुतेक इतर भागांत २०२० ची एकत्रीकृत नियमावली. पोटविभाग मंजूर झाल्याशिवाय मिळकत पत्रिका वेगळी होत नाहीं. त्यामुळें संस्था दोन किंवा तीन आणि जमीन एकच, अशी स्थिति पुष्कळ काळ राहूं शकते.

आणि जमीन तोडावयाची ठरली तरी ती कोणत्या रेषेवर तोडावयाची? उदाहरणांतील भूखंड ३,००० चौरस मीटरांचा आहे, आणि त्यावर तितकेंच, म्हणजे ३,००० चौरस मीटर बांधकाम झालेलें आहे, असें धरूं. प्रत्येक बिऱ्हाड ५० चौरस मीटरांचें. अ इमारतींत ८००, ब मध्यें ८००, आणि क मध्यें १,४०० चौरस मीटर. परंतु क उंच असल्यामुळें ती भूखंडाच्या एका कोपऱ्यांत ६०० चौरस मीटर जागेवर सामावली आहे. अ आणि ब आपापल्या अंगणांसह प्रत्येकीं १,२०० चौरस मीटरांवर पसरल्या आहेत. कुंपणाची भिंत जेथें सहज घालतां येईल तेथें घातली, तर क च्या वांट्यास ६०० चौरस मीटर जमीन व तिच्यावर १,४०० चौरस मीटर बांधकाम येतें. आज त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. पण पुढें कधीं त्यांनाही इमारत पाडून बांधावयाची झाली, तर चटईक्षेत्र निर्देशांक मोजला जाईल तो त्या ६०० चौरस मीटरांवर, आणि तेव्हां अठ्ठावीस कुटुंबांस आपलीं आहेत तेवढीं घरें मिळतील कीं नाहीं याचीच पंचाईत. उलट बांधकामाच्या प्रमाणांत जमीन द्यावयाची, तर क ला १,४०० चौरस मीटर गेले पाहिजेत, आणि ती रेषा अ च्या अंगणांतून, कदाचित् ब च्या जिन्याजवळून जाईल. अ आणि ब च्या हातीं प्रत्येकीं १,२०० ऐवजीं ८०० उरतील.

वांटणीच्या बैठकींत माणसें गच्ची आणि वाहनतळ यांवर तास न् तास बोलतात आणि या एका हिशेबाकडे दुर्लक्ष करतात, हें आश्चर्य आहे. सामान्यतः बरा मार्ग असा कीं जमीन अविभक्त ठेवावी, तींत प्रत्येक संस्थेचा वांटा बांधकामाच्या प्रमाणांत आंकड्यांनीं लिहून ठेवावा, आणि समाईक जमीन, रस्ते, बाग व टाकी यांसाठीं सर्व संस्थांचा मिळून एक संघ करावा. नव्या वसाहतींत हाच प्रकार मुळापासून अपेक्षिला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानंतर महाराष्ट्रांत केलेल्या नियमांप्रमाणें एका आराखड्यांतील प्रत्येक इमारतीची संस्था स्वतंत्र आणि त्यांच्यावर एक शिखर संस्था अशी रचना केली जाते. जुन्या वसाहती मागाहून त्याच जागीं येत आहेत, असेंही म्हणतां येईल.

ज्या संस्थेस जमिनीचें अभिहस्तांतरणच मिळालेलें नाहीं, तिनें वांटणीची घाई करूं नये. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर अजून बांधणाराचें किंवा मूळ मालकाचें नांव असतां आपसांत जमिनीचे वांटे ठरविणें म्हणजे बाजारांत असलेल्या तुरी वांटणें होय. १९६३ च्या कायद्यांत २००८ सालीं झालेल्या दुरुस्तीमुळें मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली आहे. आधीं एकत्रपणें तें मिळवावें आणि मग वेगळें व्हावें. साठ सभासदांची संस्था ज्या दमानें मूळ मालकाशीं झगडेल, तो दम सोळांच्या संस्थेंत नसतो. जमीन सरकारची, म्हाडाची किंवा महापालिकेची भाडेपट्ट्यानें घेतलेली असेल, तर पट्ट्याचा दस्त उघडून त्यांतील अटी प्रथम वाचाव्या.

पैशाची वांटणी त्या मानानें सोपी, तरी तींतही तीन हिशेब निघतात आणि तिन्ही खरे असतात. समजा सिंकिंग फंडांत छत्तीस लाख रुपये जमले आहेत. दर बिऱ्हाडीं सारखे वांटले तर प्रत्येकास साठ हजार. अ व ब यांस प्रत्येकीं नऊ लाख साठ हजार, आणि क ला सोळा लाख ऐंशी हजार. पण जुने जमाखर्च काढून पाहतां असें दिसतें कीं अ आणि ब पुष्कळ वर्षें आधींपासून भरत आल्यामुळें तिन्ही इमारतींच्या वर्गण्या व्याजासह प्रत्येकीं बारा लाखच होतात. मग क ला बाराच मिळतील, म्हणजे चार लाख ऐंशी हजारांचा फरक. क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वांटावे असें म्हणणारा तिसरा पक्ष कोठेंही भेटतो. यांत ज्यानें जितकें भरलें त्याच्या वांट्यास तितकें, हा नियम न्यायास धरून आहे आणि वह्या नीट असतील तर त्यावर वाद राहत नाहीं.

याच वेळीं कोणी तरी जुनी गोष्ट उकरतो: पांच वर्षांपूर्वीं अ इमारतीची गच्ची गळत होती, तिच्यासाठीं समाईक दुरुस्ती निधींतून सहा लाख खर्च झाले, ते वजा करा. एकत्र कुटुंबांत एका भावाच्या मुलीच्या लग्नास झालेला खर्च वांटणीच्या वेळीं त्याच्या नांवें टाकण्याची चाल नव्हती. तो खर्च घराचा. सभेच्या ठरावानें, सर्वांच्या संमतीनें, एकत्र असतांना झालेला खर्च त्याच न्यायानें संस्थेचा समजावा व शिल्लक असेल तेवढीच वांटावी. हें तत्त्व न पाळल्यास गच्चीच्या मागून क चा रंग, रंगामागून ब ची गटारें, असे वीस वर्षांचे हिशेब बाहेर येतात आणि वांटणी बाजूस राहते. थकबाकी मात्र ज्या इमारतींतील सभासदाची असेल त्या इमारतीच्या संस्थेकडे येणें म्हणून जावी, म्हणजे वसूल करण्याची निकडही तिलाच राहील. आणि पंचवीस वर्षें फाटकावर बसलेला पहारेकरी कोणाचा, हेंही लिहिलें पाहिजे. त्याच्या मागील नोकरीचें देणें तिन्ही संस्थांनीं किती किती द्यावयाचें याचा आंकडा मसुद्यांत नसेल, तर उद्यां तिन्ही दारांवरून त्यास परत पाठविलें जाईल.

मसुदा करतांना दगड-विटांच्या किरकोळ बाबी विसरतात आणि त्याच पुढें छळतात. जमिनीखालची टाकी अ च्या अंगणांत आहे, पंप ब च्या मागें आहे, आणि क ची सांडपाण्याची नळी दोघांच्याही खालून जाते. मागच्या इमारतीकडे जाणारा रस्ता पुढच्या इमारतीच्या हद्दींतून जातो. वेगळें झाल्यावर एखाद्या उत्साही समितीनें तेथें सांखळी लावली, तर रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब कोठून न्यावयाचा? रस्त्याची रुंदी, जाण्यायेण्याचा कायम हक्क, टाकी साफ करण्यासाठीं शेजारच्या हद्दींत शिरण्याची मुभा, पंपाच्या विजेचा वांटा, हें सर्व आदेशांत व नकाशावर रंगानें दाखवून घेतलेलें बरें. तोंडी समजुतीवर ठेवूं नये. आजची समिति समजूतदार असली तरी दहा वर्षांनंतरची कोण असेल हें कोणास ठाऊक नसतें.

नव्या संस्था नोंदल्या गेल्या म्हणजे जुन्या संस्थेची नोंदणी निबंधक रद्द करतो. ती मागें शिल्लक राहत नाहीं. म्हणून त्यापूर्वींच कांहीं कामें उरकावीं लागतात. शेवटचा जमाखर्च लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावयाचा, जुनें बँक-खातें बंद करून नवीं उघडावयाचीं, वीज, पाणी, मालमत्ता कर व विमा यांवरील नांवें बदलावयाचीं, आणि सभासदांचे जुने भाग-दाखले परत घेऊन नवे द्यावयाचे. ज्यांनीं घरावर कर्ज काढलें आहे त्यांचे दाखले बँकेकडे तारण असतात; त्या बँकांस आधीं कळविलें नाहीं तर नव्या दाखल्यावर जुना बोजा चढविण्यास महिने लागतात. न्यायालयांत चालू असलेले दावे कोणती संस्था पुढें चालवील, हेंही नांवानिशीं ठरवून ठेवावें.

राहतां राहिलें दप्तर. मंजूर नकाशा, जमिनीचा दस्त, भोगवटा प्रमाणपत्र आणि सभेचीं पहिलीं इतिवृत्तें यांची मूळ प्रत एकेकच असते, आणि तीन संस्थांत ती कापून देतां येत नाहीं. मूळ कागद शिखर संघाकडे, किंवा संघ झाला नसेल तर जिची नोंदणी प्रथम होईल त्या संस्थेकडे ठेवून, बाकीच्यांनीं प्रमाणित नकला घ्याव्या व त्या मिळाल्याची पोंच इतिवृत्तांत नोंदवावी. नांवाविषयींही असेंच करावें. जुनें नांव तिघांसही हवें असतें; मूळ नांवापुढें अ, ब, क जोडल्यास पोस्टमनलाही पत्ता सांपडतो आणि निबंधकाच्या कचेरींतही घोटाळा होत नाहीं.